बर्फावरून बेंचमागे, बेंचमागून माइकसमोर

प्रश्न असा आहे: उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीत निवृत्त खेळाडू आधी प्रशिक्षक होतो आणि तिथून दूर केले गेल्यावर दूरचित्रवाणीवर विश्लेषक म्हणून दिसू लागतो, हा क्रम इतक्या वेळा का दिसतो? ही कामे केवळ नावावर मिळतात की त्यांना वेगळे कौशल्य लागते? आणि खेळाडू म्हणून जो मोठा, तोच पुढच्या दोन्ही भूमिकांत मोठा ठरतो का? खेळाडू घडवण्याचे आणि पुढे सामन्यांच्या प्रक्षेपणाचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून आणि या वाटेने गेलेल्या काही नामवंतांच्या कारकिर्दीच्या आधारे सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यातूनच उलगडते. नावामुळे दार उघडते, हे खरे आहे. मात्र आत टिकवते ते एकच कौशल्य, आणि ते म्हणजे घडलेल्या गोष्टीचे कारण दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगता येणे. हे कौशल्य गोल करण्याच्या कौशल्याहून पूर्णपणे वेगळे आहे आणि माझ्या पाहण्यात ते बहुधा अशा खेळाडूंमध्ये रुजते, ज्यांना खेळ सहजासहजी आला नाही. ज्याला प्रत्येक डाव विचार करून, चुकून आणि पुन्हा करून शिकावा लागला, त्याच्या डोक्यात त्या डावाच्या पायऱ्या शाबूत राहतात. ज्याला तो उपजत येत होता, त्याच्याजवळ उत्तर असते पण रीत नसते.

वेन ग्रेट्स्की यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. नॅशनल हॉकी लीग या मुख्य लीगमध्ये 894 गोल आणि 2857 गुण मिळवणारा हा खेळाडू 2005 ते 2009 या काळात फिनिक्स कायोटीज संघाचा मुख्य प्रशिक्षक होता आणि त्या चार हंगामांत संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही. या अपयशाचा सगळा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल, कारण संघ दुबळा होता आणि 2009 मध्ये तर तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. तरीही पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, पुढच्या क्षणी कुठे जाणार हे ज्यांना आपोआप दिसत असे, त्यांनी ते पाहण्याची युक्ती तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या (बर्फावर एकत्र उतरणाऱ्या गटातल्या) साध्या खेळाडूला नेमकी कशी शिकवावी, हा प्रश्न उरतोच. याच्या अगदी उलट स्कॉटी बोमन. डोक्याच्या दुखापतीमुळे त्यांची खेळाडू म्हणून वाटचाल तरुणपणीच थांबली, या लीगमध्ये ते एकही सामना खेळले नाहीत आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी 9 वेळा लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला. मधल्या काळात, 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय वाहिनीवर विश्लेषकाचे कामही केले.

आता या तीन भूमिकांतून एकच घटना कशी वेगवेगळी दिसते ते पाहू. मी नवोदित विश्लेषकांना नेहमी हेच उदाहरण देतो. तीन भागांच्या सामन्याचा दुसरा भाग चालू आहे. एक संघ प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ आक्रमण करतो आहे. पक कठड्याला लागून, आक्रमणाच्या भागाची हद्द असलेल्या निळ्या रेषेकडे सरकतो आणि तो आपल्याच ताब्यात राहावा म्हणून बचावपटू पुढे झेपावतो, पण पक त्याच्या काठीवरून निसटतो. क्षणात प्रतिस्पर्ध्याचे दोन खेळाडू समोर केवळ एक बचावपटू असताना सुसाट निघतात, एक आडवा पास होतो आणि गोल होतो.

प्रेक्षक म्हणतो, गोलरक्षक कमी पडला. थोडा जाणकार प्रेक्षक म्हणतो, पुढे झेपावलेला बचावपटू चुकला. त्या फळीतला खेळाडू स्वतः सांगेल, की पाय जड झाले होते आणि मागे फिरायला जोर उरला नव्हता. तिघेही खोटे बोलत नाहीत, पण प्रशिक्षकाची नजर आणखी मागे जाते. बचावपटू पुढे आला की आघाडीच्या तिघांपैकी तिसऱ्या खेळाडूने मागे सरकून त्याची जागा धरायची असते आणि ती धरली गेली नाही, हे त्याला पहिल्यांदा दिसते. मग तो विचारतो, की हा खेळाडू इतका का दमला होता? दुसऱ्या भागात संघ बाजू बदलतात, त्यामुळे आपला गोल आपल्या बेंचपासून, म्हणजे बदली खेळाडू बसतात त्या जागेपासून, लांब पडतो. बचावात अडकलेल्या खेळाडूंना ते अंतर कापून बदली होण्यासाठी बेंचकडे येणे धोक्याचे वाटते. या आक्रमणाआधी हेच झाले आणि एरवी पाऊण मिनिटात संपणारी शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, मिनिटाच्या पुढे गेली. अखेर पक सुटला तेव्हा या खेळाडूने मधली लाल रेषा ओलांडून तो समोरच्या टोकाला ढकलायला आणि बदली व्हायला हवे होते. लाल रेषेच्या अलीकडूनच ढकलला असता तर आयसिंग हा नियमभंग होऊन खेळ थांबला असता, आणि 2005-06 च्या हंगामापासून आयसिंग करणाऱ्या संघाला त्या थांब्यात खेळाडू बदलता येत नाहीत. पण त्याला आक्रमणाची संधी दिसली, मोह आवरला नाही आणि थकलेल्या पायांनी तो थेट समोरच्या गोलापर्यंत गेला. म्हणजे गोल ज्या क्षणी झाला, त्याच्या अर्धा मिनिट आधीच्या निर्णयात त्याचे मूळ होते.

समालोचनाच्या कक्षातील विश्लेषकाला हे सगळे दिसायला हवे आणि त्यातले एकच सांगता यायला हवे. त्याच्या हातात एका पुनर्दर्शनाचा वेळ असतो, म्हणजे साधारण दहा-बारा सेकंद. पंचाने पक खाली टाकला आणि खेळ पुन्हा सुरू झाला की बोलण्याचा हक्क धावते समालोचन करणाऱ्या सहकाऱ्याकडे जातो. त्या दहा सेकंदांत गोलरक्षक, बचावपटू, तिसरा खेळाडू, लांबलेली शिफ्ट आणि लांब पडलेला बेंच असे पाचही मुद्दे कोंबणारा विश्लेषक कोणालाच काही समजावत नाही. मी तिसऱ्या खेळाडूची रिकामी जागा निवडीन, कारण ती चित्रात बोट ठेवून दाखवता येते आणि एकदा दाखवली की प्रेक्षक पुढच्या वेळी ती स्वतः शोधू लागतो. शिफ्ट लांबल्याचा मुद्दा पुढच्या थांब्यासाठी राखून ठेवावा. ही निवड करता येणे हेच या व्यवसायातले खरे काम आहे आणि त्याचा सराव बेंचमागे होतो. कारण प्रशिक्षकालाही दोन शिफ्टच्या मधल्या क्षणभरात धापा टाकणाऱ्या खेळाडूला एकच वाक्य सांगता येते. लांबलचक भाषण ऐकण्याच्या अवस्थेत तो नसतो.

म्हणूनच खेळाडूवरून थेट कक्षात येणारा आणि काही काळ प्रशिक्षकपण करून येणारा यांच्यात मला फरक जाणवतो. खेळाडूला आपल्या शिफ्टपुरता सामना ठाऊक असतो. प्रशिक्षकाला त्या रात्री पोशाख केलेल्या वीसही जणांचा, म्हणजे 18 स्केटर आणि 2 गोलरक्षकांचा, हिशेब ठेवावा लागतो. कोणती फळी कोणासमोर उतरवायची, यजमान संघाला शेवटी बदली करण्याची जी सवलत असते ती कशी वापरायची, कोणाला पाचव्या सामन्यानंतर विश्रांती हवी आहे, हे सगळे तो एकाच वेळी तोलत असतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर हे सगळे एकटा माणूस करत असे. फिलाडेल्फियाच्या फ्रेड शेरो यांनी 1972 मध्ये माइक नायकोलुक यांना पूर्ण वेळ सहायक म्हणून घेतले, तेव्हापासून सहायक प्रशिक्षक ही जागा लीगमध्ये रुळली. पुढे प्रशिक्षक रॉजर नील्सन यांनी सामन्यांच्या चित्रफितींचा अभ्यास नेमाने सुरू केला. आज पडद्यावर चित्र थांबवून जे विश्लेषण केले जाते, त्याची पाळेमुळे प्रशिक्षकांच्या त्या अंधाऱ्या खोल्यांत आहेत.

तिन्ही भूमिका जगलेल्या माणसांपैकी मला सर्वाधिक आदर वाटतो तो हॉवी मीकर यांच्याबद्दल. त्यांचा जन्म 1923 चा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना प्रशिक्षणात हातबॉम्बच्या स्फोटाने त्यांच्या पायांना गंभीर जखमा झाल्या. तरीही 1946 मध्ये ते टोरांटो मेपल लीफ्सकडून खेळू लागले, जानेवारी 1947 मध्ये शिकागोविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी 5 गोल केले आणि त्या हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक मिळवला. पुढे महान खेळाडू ठरलेल्या गॉर्डी हाऊ यांचाही तो पहिलाच हंगाम होता, हे लक्षात घेतले की त्या मानाचे वजन कळते. मीकर यांनी संघासोबत चार वेळा स्टॅनली कप जिंकला आणि खेळत असतानाच 1951 ते 1953 या काळात ते कॅनडाच्या संसदेचे सदस्यही होते. प्रशिक्षक म्हणून त्यांनी आधी पिट्सबर्ग हॉर्नेट्सला 1955 मध्ये अमेरिकन हॉकी लीग या दुय्यम लीगचे विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर 1956-57 मध्ये टोरांटोची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या सहा संघांच्या लीगमध्ये त्यांचा संघ पाचवा आला आणि बाद फेरी हुकली. त्यांना सरव्यवस्थापक करण्यात आले आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच त्या पदावरूनही दूर करण्यात आले.

इथपर्यंतची गोष्ट अनेकांच्या वाट्याला येते. मीकर यांचे वेगळेपण त्यानंतरच्या वर्षांत आहे. ते न्यू फाउंडलंडला गेले आणि तिथे मुलांना स्केटिंग, पास देणे, काठी हाताळणे अशा प्राथमिक गोष्टी शिकवण्यात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. पुढे ते दूरचित्रवाणीवर आले, तेव्हा त्यांच्याजवळ मुलांना शिकवून घासूनपुसून झालेली भाषा होती. चित्र थांबवायला सांगायचे, पडद्यावर रेघ ओढायची आणि कोणी कुठे उभे राहायला हवे होते ते दाखवायचे, ही त्यांची पद्धत. त्यांचा आवाज चिरका होता आणि उत्साह आवरत नसे, पण प्रत्येक वाक्यामागे शिकवण्याची तळमळ असे. कॅनडात मुलांना सामने फार आणि कौशल्य फार थोडे शिकवले जाते, हे ते वर्षानुवर्षे सांगत होते. 1972 मध्ये सोव्हिएत संघाने कॅनडाच्या सर्वोत्तम व्यावसायिकांना आठ सामन्यांच्या मालिकेत अखेरच्या मिनिटापर्यंत झुंजवले, तेव्हा त्या सांगण्याकडे लोकांनी कान दिला. त्यांचा मुलांसाठीचा हॉकी शिकवणारा कार्यक्रम 1970 च्या दशकात घरोघरी पाहिला जात होता. 1998 मध्ये त्यांना समालोचकांसाठीचा फॉस्टर ह्युइट स्मृती पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये वयाच्या 97 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षक म्हणून त्यांची एका हंगामाची आकडेवारी सामान्य आहे. शिक्षक म्हणून त्यांनी केलेले काम मात्र कोणत्याही तक्त्यात मावणारे नाही आणि ते त्यांनी माइकच्या मदतीने केले.

डॉन चेरी यांची वाट याहून वेगळी. 1934 मध्ये किंग्स्टन येथे जन्मलेला हा बचावपटू मुख्य लीगमध्ये आयुष्यात एकच सामना खेळला, 1955 च्या बाद फेरीत बॉस्टनकडून. उरलेली कारकीर्द दुय्यम लीगमध्ये, बसच्या लांब प्रवासांत गेली. खेळणे थांबल्यावर त्यांनी बांधकामावर मजुरी केली, मोटारी विकण्याचेही काम केले आणि मग रॉचेस्टरच्या संघाचे प्रशिक्षक झाले. 1974 मध्ये ते बॉस्टन ब्रुइन्सचे प्रशिक्षक झाले आणि 1976 मध्ये त्यांना सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक ॲडम्स पुरस्कार मिळाला. 1977-78 च्या हंगामात त्यांच्या संघातील 11 खेळाडूंनी प्रत्येकी 20 किंवा त्याहून अधिक गोल केले. काम सगळ्यांत वाटून देणाऱ्या प्रशिक्षकाची ही खूण आहे आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे दिले जात नाही, असे मला वाटते.

मे 1979 मधील उपांत्य फेरीच्या सातव्या सामन्यात मॉन्ट्रियलविरुद्ध बॉस्टन 4-3 असे पुढे होते आणि तीन मिनिटेही उरली नव्हती. त्याच वेळी बर्फावर नियमापेक्षा जास्त खेळाडू असल्याबद्दल बॉस्टनला शिक्षा झाली, म्हणजे एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागले. गी लाफ्लर यांनी बरोबरी साधली, जादा वेळेत इव्हॉन लँबर्ट यांनी सामना संपवला आणि त्या उन्हाळ्यात चेरी यांचे बॉस्टनमधील पर्व आटोपले. बदल्यांचा गोंधळ ही अखेर बेंचची जबाबदारी असते आणि चेरी यांनी ती कधी खेळाडूंवर ढकलली नाही. कोलोरॅडोमधील एका हंगामानंतर ते दूरचित्रवाणीवर आले आणि पहिल्या मध्यंतरातील काही मिनिटांचा त्यांचा कार्यक्रम जवळपास चार दशके चालला.

चेरी यांच्याबद्दल माझे मत सरळ नाही आणि ते तसेच मांडतो. कठड्याजवळ शरीर कसे वळवावे, गोलरक्षकासमोर पक अडवायला जाताना काठी कुठे ठेवावी, मागून धक्का देणे किती घातक असते, हे त्यांनी लहान मुलांना नेमके समजावले आणि त्यातून अनेकांच्या माना वाचल्या असतील. त्याच मिनिटांत त्यांनी मारामाऱ्यांचे कौतुक केले, युरोपातून आलेल्या खेळाडूंना कमी लेखले आणि अखेर नोव्हेंबर 2019 मध्ये स्थलांतरितांबद्दल केलेल्या वक्तव्यामुळे त्यांना काढून टाकण्यात आले. तो निर्णय मला योग्य वाटतो. प्रशिक्षकाचे कठोर शब्द बंद खोलीतल्या वीस जणांपुरते असतात, त्या वीस जणांना त्याचा स्वभाव ठाऊक असतो आणि दुसऱ्या दिवशी तो ते शब्द परत घेऊ शकतो. माइकसमोर उच्चारलेले वाक्य लाखो घरांत जाते आणि तिथे ऐकणारे दहा वर्षांचे मूल त्याला प्रमाण मानते. प्रशिक्षकपणातून आलेल्या अनेकांना हा फरक उमगायला वेळ लागतो.

प्रशिक्षकपण इतक्या लवकर का संपते, हाही मूळ प्रश्नाचाच भाग आहे. बॅरी मेलरोज यांनी 1988 मध्ये मेडिसिन हॅट संघाला ज्युनियर, म्हणजे तरुण वयोगटातील, हॉकीचे सर्वोच्च विजेतेपद मिळवून दिले, 1992 मध्ये अमेरिकन हॉकी लीग जिंकली आणि लॉस एंजेलिसच्या पहिल्याच हंगामात, 1993 मध्ये, संघाला स्टॅनली कपच्या अंतिम मालिकेत नेले. पहिला सामना जिंकल्यावर दुसऱ्यात त्यांचा संघ 2-1 असा पुढे असताना, शेवटच्या दोन मिनिटांत, मॉन्ट्रियलचे प्रशिक्षक जॅक डेमर्स यांनी मार्टी मॅक्सॉर्ली यांची काठी मोजण्याची मागणी केली. काठीचा बाक नियमाबाहेर निघाला, शिक्षा झाली, एरिक देजार्दाँ यांनी बरोबरीचा आणि मग जादा वेळेत विजयाचा गोल केला आणि मॉन्ट्रियलने मालिका 4-1 अशी जिंकली. दोन वर्षांत मेलरोज यांची नोकरी गेली. 1996 पासून ते ईएसपीएनवर विश्लेषक होते. 2008 मध्ये ते टँपा बे संघाचे प्रशिक्षक म्हणून परतले, पण केवळ 16 सामन्यांनंतर त्यांना काढण्यात आले आणि ते पुन्हा पडद्यावर आले. पार्किन्सनच्या आजारामुळे 2023 मध्ये त्यांनी ते काम थांबवले. बारा वर्षांहून अधिक काळ कक्षात काढल्यावर खोलीतले खेळाडू बदललेले असतात, त्यांच्याशी बोलण्याची रीत बदललेली असते, डावपेचही बदललेले असतात. बाहेरून खेळ कितीही स्पष्ट दिसला तरी आत परतणे वेगळे, हे त्या 16 सामन्यांवरून समजते.

एडी ओल्चिक यांच्या बाबतीत क्रम उलटा झाला. शिकागोत वाढलेला हा फॉरवर्ड 17 व्या वर्षी 1984 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला, त्याच वर्षी नवोदितांच्या वार्षिक निवडीत शिकागोने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि मुख्य लीगमध्ये 1031 सामन्यांत त्याने 342 गोल केले. 1994 मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सने कप जिंकला, तेव्हा ते त्या संघात होते, पण दुखापतीमुळे आणि संघात जागा न मिळाल्यामुळे अर्धाअधिक हंगाम त्यांनी बाहेर बसून काढला होता. बाहेर बसलेला खेळाडू सामना वरून पाहतो. अशा रात्री कोणाला आवडत नाहीत, पण विश्लेषकाची घडण अनेकदा त्यातच होते. निवृत्तीनंतर ते पिट्सबर्गच्या सामन्यांचे विश्लेषक झाले आणि 2003 मध्ये मुख्य प्रशिक्षकपदाचा कोणताही पूर्वानुभव नसताना त्याच संघाने त्यांना प्रशिक्षक नेमले. पहिल्या हंगामात संघ लीगमध्ये तळाला राहिला, पुढचा हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात संपूर्ण रद्द झाला आणि पुढे मोठे तारे ठरलेल्या सिडनी क्रॉस्बी यांच्या पदार्पणाच्या हंगामात, डिसेंबर 2005 मध्ये, ओल्चिक यांना दूर करण्यात आले. कक्षात परतलेले ओल्चिक आधीपेक्षा अधिक चांगले विश्लेषक झाले, असे माझे ठाम मत आहे. दमलेल्या फळीबद्दल किंवा प्रशिक्षकाच्या एखाद्या फसलेल्या चालीबद्दल ते बोलतात, तेव्हा चूक लपवत नाहीत, पण ती कोणत्या दडपणाखाली झाली हेही सांगतात. 2017 मध्ये त्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. उपचार चालू असताना मधूनमधून ते कक्षात आले, आजाराबद्दल मोकळेपणाने बोलले आणि लोकांना वेळीच तपासणी करून घेण्याचा आग्रह करत राहिले.

कक्षातल्या दिवसाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण हे काम संध्याकाळच्या अडीच तासांचे आहे, असा समज आहे. सामन्याच्या दिवशी सकाळी दोन्ही संघांचा हलका सराव असतो आणि विश्लेषकाने तिथे हजर असलेच पाहिजे. कोण कोणत्या फळीत सराव करतो आहे, कोणता गोलरक्षक आधी बर्फ सोडून गेला, कोण खांदा जपून वळतो आहे, ही माहिती कोणत्याही पत्रकात नसते. प्रशिक्षकांशी बोलणे होते. त्यातला काही भाग सांगण्यासाठी असतो आणि काही केवळ समजून घेण्यासाठी. हा भेद पाळणाऱ्याला पुढच्या वेळीही खरे सांगितले जाते. सामन्यात कानात निर्मात्याचा आवाज चालू असतो, प्रत्येक भागात जाहिरातींसाठी तीन थांबे ठरलेले असतात आणि बोलणे त्या चौकटीत बसवावे लागते. काही प्रक्षेपणांत विश्लेषक दोन बेंचच्या मधोमध, काचेलगत उभा असतो. तिथून खेळाची रचना नीट दिसत नाही, पण प्रशिक्षक कोणावर ओरडला आणि कोणाच्या पाठीवर थाप मारली हे दिसते. माजी प्रशिक्षकाला त्यावरून पुढची चाल आधीच कळते.

सगळ्यात कठीण भाग प्रामाणिकपणाचा. ज्याच्यासोबत खेळलो, ज्याला प्रशिक्षण दिले, ज्याच्या घरी जेवलो, त्याची चूक सांगावी लागते. शिवाय स्थानिक प्रक्षेपणात विश्लेषक अनेकदा एकाच संघाचे सामने सांगतो आणि त्या संघाची मर्जी त्याच्या नोकरीशी जोडलेली असते. मी एक कसोटी वापरतो: जे वाक्य मी त्या खेळाडूच्या समोर बसून, तेवढ्याच शब्दांत, सांगू शकेन तेच माइकवर म्हणावे. निर्णयाबद्दल बोलावे, माणसाबद्दल बोलू नये. तो आळशी आहे असे म्हणणे हे अनुमान झाले. तो लाल रेषेपर्यंत आला आणि थांबला, हे निरीक्षण झाले, आणि प्रेक्षकाला हवे ते निरीक्षणच.

ही वाट आता पूर्वीइतकी अरुंद राहिलेली नाही. कॅनडाच्या महिला संघाला 2002 आणि 2006 मध्ये कर्णधार म्हणून ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या कॅसी कॅम्पबेल-पॅस्कल यांनी 2006 मध्येच शनिवारच्या राष्ट्रीय प्रक्षेपणात विश्लेषण केले. तिथे ते काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला. ज्या पुरुष लीगमध्ये त्या कधी खेळल्या नव्हत्या, तिचे विश्लेषण त्यांनी उत्तम केले. उलट दिशेचा प्रवासही होतो. रिक टॉकेट मुख्य लीगमध्ये हजाराहून अधिक सामने खेळले, पिट्सबर्गचे सहायक म्हणून 2016 आणि 2017 चे कप त्यांच्या नावावर आहेत, अ‍ॅरिझोनाचे प्रशिक्षकपद 2021 मध्ये सुटल्यावर ते टीएनटी या अमेरिकी वाहिनीच्या कार्यक्रमात आले आणि जानेवारी 2023 मध्ये तिथून थेट व्हँकुव्हरच्या बेंचमागे गेले. 2024 मध्ये त्यांना जॅक ॲडम्स पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मतदानाने देते ती समालोचकांची संघटना, ही गोष्ट या दोन व्यवसायांच्या नात्याबद्दल बरेच काही सांगते. मेलरोज आणि टॉकेट यांच्यातला फरक मला मुख्यतः कालावधीचा वाटतो. दोन वर्षांच्या विरामात माणूस ताजा होतो आणि खेळाडूंशी असलेला धागा तुटत नाही.

म्हणून निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा खेळाडू विचारतो की आधी काय करावे, तेव्हा माझे उत्तर ठरलेले असते. वाहिनीचे बोलावणे लगेच आले तरी दोन-तीन हंगाम दुय्यम लीगमध्ये किंवा ज्युनियर संघात सहायक प्रशिक्षक व्हावे. पैसे कमी मिळतील, बसचे प्रवास पुन्हा सुरू होतील आणि कुटुंबाला घर बदलावे लागेल, याचा विचार घरच्यांसोबत आधीच करावा. त्या काळात रोज चित्रफिती कापाव्या आणि प्रत्येक तुकड्यावर दहा सेकंदांत बसेल असे एक वाक्य मोठ्याने बोलून ध्वनिमुद्रित करावे. रात्री ते ऐकावे आणि सकाळी तेच वाक्य सतरा वर्षांच्या बचावपटूला सांगून पाहावे. त्याने ते न विचारता बर्फावर करून दाखवले, तर ते वाक्य प्रक्षेपणातही चालेल. त्याने मान डोलावली आणि पुन्हा तीच चूक केली, तर वाक्य बदलावे.